तहानलेला मळा आणि पाल्याचा रस

कोल्हापूर म्हटले की परगावच्या माणसाच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो पंचगंगेचा घाट, रंकाळा, आणि नजर जाईल तिथवर पसरलेला ऊस. अशा जिल्ह्यातील महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात पाण्यावाचून सुकणाऱ्या भाजीपाल्यावर लेख लिहायला घेतला, तेव्हा माझ्या मैत्रिणी हसल्याच. त्यात मी पडले कला शाखेची. पण भूगोल हा माझा विषय आहे आणि भूगोलाच्या नकाशावर आपला जिल्हा मोठा विलक्षण दिसतो. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेकडे निघाले की शंभरेक किलोमीटरच्या आत, शिरोळ-हातकणंगल्याच्या पूर्वभागात, तोच पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरवर येतो. सह्याद्रीने अडवून उरलेले जे काही असेल ते आमचे. नदीकाठच्या गावांना २०१९ आणि २०२१ साली महापुराने बुडवले. त्याच तालुक्यांतल्या माळावरच्या विहिरी मात्र मार्चमध्ये तळ दाखवतात. पूर आणि टंचाई एकाच तहसील कचेरीत अर्ज घेऊन उभ्या असतात, असे म्हटले तरी चालेल.

दुष्काळ म्हटला की आमची आज्जी १९७२ सालावर जाते. खडी फोडायची कामे, सुकडी आणि लाल मिलो ज्वारी, हे सगळे तिच्या तोंडी असते. आमच्या पिढीच्या आठवणी वेगळ्या आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याने भरलेली आगगाडी लातूरला निघाली, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते आणि पाणी रेल्वेने जाते याचेच मला अप्रूप वाटले होते. त्यानंतर आले २०२३. त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऑक्टोबरच्या अखेरीस शासनाने राज्यातील चाळीस तालुके दुष्काळी जाहीर केले. त्यांत कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले आणि गडहिंग्लज हे दोन होते. तेव्हा मी बारावीत होते. बाहुबलीच्या डोंगराकडच्या माळावर आमची थोडी जमीन आहे. तिच्यातल्या दहा गुंठ्यांत वांगी, मिरची आणि बांधाकडेने गवार होती. ऊस कारखान्याला जातो आणि त्याचे पैसे यायचे तेव्हा येतात. घरातले तेल-मीठ, एसटीचा पास आणि वह्या-पुस्तके मात्र आई आठवडी बाजारात जी बुट्टी घेऊन बसते तिच्यावर चालतात. म्हणून ऑगस्टमध्ये वांग्याची पाने कानं पाडून बसली तेव्हा घरात जी चिंता पसरली ती उसाच्या चिंतेपेक्षा मोठी होती.

आप्पा दुकानात गेले आणि एक बाटली घेऊन आले. ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य, पिकाला दुष्काळातही हिरवेगार ठेवते’ असे तिच्यावर छापले होते. किंमत सांगत नाही, पण आईच्या दोन बाजारांची कमाई त्यात गेली. पाठीवरच्या पंपाने भर दुपारी फवारा मारला. चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. आज्जीने बांधावरून पाहिले आणि म्हणाली, “अगं, तहानंल्या माणसाला पाणी द्यायचं सोडून तोंडाला पावडर लावल्यावानी केलंसा की रं!” त्या बाटलीत दोष होता, की आमच्या वेळेत, की मात्रेत, हे तेव्हा आम्हांला कळले नाही. ते कळावे म्हणून पुढे जे वाचले, विचारले आणि थोडेफार करून पाहिले, ते या लेखात मांडत आहे.

प्रथम पीक सुकते म्हणजे नेमके काय होते ते पाहू. मुळांनी जमिनीतून ओढलेल्या पाण्यातला फारच थोडा भाग, शंभरातला दोन-तीन म्हणा, झाड स्वतःच्या वाढीसाठी ठेवते. बाकीचे पानांवाटे वाफ होऊन हवेत जाते. ही उधळपट्टी वाटते, पण तशी ती नाही. ज्या बारीक छिद्रांतून वाफ बाहेर पडते त्याच छिद्रांतून कर्बवायू आत येतो आणि त्यापासून अन्न तयार होते. शिवाय वाफ बाहेर पडताना पान थंड राहते, आपल्या अंगाला घाम आल्यासारखेच. या छिद्रांना पर्णरंध्रे म्हणतात. बहुतेक भाज्यांत ती पानाच्या खालच्या अंगाला अधिक असतात.

जमिनीतला ओलावा कमी झाला की मुळांना ते सर्वांत आधी समजते. झाडात ॲब्सिसिक आम्ल नावाचे एक द्रव्य वाढते आणि त्याचा निरोप पोहोचला की पर्णरंध्रे मिटू लागतात. दारे मिटली म्हणजे पाणी वाचले, पण कर्बवायूही आत येईनासा झाला. आता खरी अडचण सुरू होते. ऊन तर पडतच असते. पानातील हरितद्रव्य ते शोषून घेतच असते. पण त्या शक्तीचे अन्न करण्यासाठी लागणारा कर्बवायू नाही. मग ती शक्ती भलतीकडे वळते आणि प्राणवायूची अतिशय तापट अशी रूपे पेशीत तयार होऊन तिथलीच मोडतोड करू लागतात. पान पिवळे पडते ते नुसते तहानेने नव्हे, तर या आतल्या जळण्यानेही. झाड हिशेबी असते. जुनी पाने सोडते, मग फुले गाळते. वांगे, मिरची आणि टोमॅटो या पिकांना फुलोऱ्यात ताण बसला तर नंतर कितीही पाणी दिले तरी तो बहर परत येत नाही. आईची बुट्टी रिकामी राहते ती इथे.

पाल्याच्या फवाऱ्याचा उपयोग झालाच तर तो या साखळीतील कुठल्या तरी कडीवर होतो. तो पाण्याची जागा घेत नाही. हे एवढे वाक्य त्या बाटलीवर छापले असते तर आमचे पैसे वाचले असते.

आता शेवगा. आपल्याकडे शेवगा म्हणजे आमटीतल्या शेंगा, आणि फार तर कोवळ्या पाल्याची भाजी. पण या पाल्यात झिएटिन नावाचे द्रव्य असते. ते सायटोकायनिन या गटातले आहे. हा गट पेशींची वाढ चालू ठेवतो आणि पानाचे म्हातारपण पुढे ढकलतो. शिवाय शेवग्याच्या पानात क जीवनसत्त्व, पालाश आणि चुना भरपूर असतो. वर ज्या तापट प्राणवायूचा उल्लेख केला त्याला आवर घालणाऱ्यांत क जीवनसत्त्व येते. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात या रसाचे प्रयोग झाले आणि पुढे पाकिस्तानात फैसलाबाद येथील कृषी विद्यापीठात त्यावर पुष्कळ काम झाले. पद्धत अगदी घरगुती आहे. कोवळे शेंडे आणि पाने थोडेसे पाणी घालून वाटायची, फडक्यातून पिळून रस काढायचा आणि त्यात सुमारे तीस पट पाणी घालून फवारायचे. सोळा लिटरच्या पंपाला अर्धा लिटर रस पडतो. रस काढल्यावर चार-पाच तासांच्या आत वापरावा, कारण तो लवकर नासतो.

तीस पट हा आकडा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे ‘जास्त घातले तर जास्त लागू पडेल’ अशी एक समजूत असते. ही द्रव्ये झाडात अतिशय सूक्ष्म प्रमाणात काम करतात. मात्रा वाढली तर उपयोग वाढत नाही, उलट वाढ खुंटू शकते.

समुद्रशेवाळाचा अर्क हा दुसरा प्रकार. बाजारातील पुष्कळ बाटल्यांत तो असतो. थंड अटलांटिक किनाऱ्यावरचे एक तपकिरी शेवाळ यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. आपल्या देशात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कप्पाफायकस नावाच्या लाल शेवाळाची शेती होते. त्याचा रस काढण्याचे तंत्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने विकसित केले. या अर्कातही वाढीची द्रव्ये व पालाश असते आणि पाण्याच्या ताणात पेशीतले पाणी धरून ठेवायला मदत करणारे काही घटक असतात. हा अर्क घरी होण्यासारखा नाही, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

तिसरा आहे आपला कडुलिंब. त्याचे काम अगदी निराळे, पण माझ्या मते आमच्या माळावर तेच सर्वांत उपयोगाचे. हवा कोरडी आणि तापलेली असली की फुलकिडे आणि लाल कोळी यांची पैदास झपाट्याने होते. आधीच झाडाला पाणी मिळत नाही, त्यात हे किडे पानातला रस शोषतात. मिरचीवर बोकड्या येतो, पाने चुरगळतात, आणि शेतकरी म्हणतो पाणी कमी पडले. लिंबोळीच्या अर्कातील अझाडिरॅक्टिन या किडींची भूक मारते आणि त्यांची वाढ रोखते. पाच टक्के अर्काची रीत अशी: पाच किलो लिंबोळ्यांची भरड नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी ढवळून गाळायची, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा एक लिटर पाण्यात विरघळवून त्यात मिसळायचा आणि सगळे मिळून शंभर लिटर करायचे. लिंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली फुकट पडलेल्या असतात, त्या तेव्हाच वेचून सावलीत वाळवून ठेवल्या पाहिजेत. अझाडिरॅक्टिन उन्हाने लवकर निकामी होते, म्हणून फवारा संध्याकाळीच मारावा. दशपर्णी अर्काचेही तसेच. दहा प्रकारचा पाला महिनाभर कुजवून केलेला तो अर्क किडींसाठी आहे. त्याने झाडाची तहान भागते असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

पाल्याचा म्हणजे निर्धोक, ही दुसरी एक गोड समजूत. इथून निपाणीकडे गेले की तंबाखूचा मुलूख लागतो. तंबाखूचा काढा माव्यावर मारायची जुनी चाल आहे. त्या काढ्यातले निकोटिन माणसाच्या कातडीतूनही आत जाते आणि ते तीव्र विष आहे. त्यातून तंबाखूच्या पानात मोझॅक रोगाचा विषाणू असला तर तो टोमॅटो-मिरचीला आपल्याच हाताने लावल्यासारखे होते. निलगिरीच्या पाल्यातील द्रव्ये दुसऱ्या रोपांची उगवण आणि वाढ दाबतात. आणि कुणी पाल्याच्या फवाऱ्यांना प्राचीन आधार म्हणून सुरपालाच्या वृक्षायुर्वेदातील कुणपजलाचे नाव घेतले, तर त्याने त्याची कृती आधी वाचावी. त्यात प्राण्यांचे मांस व चरबी शिजवून कुजवायला सांगितली आहे!

फवाऱ्याच्या वेळेबद्दल थोडे. पानावर मेणासारखा थर असतो. थेंब त्यावरून घरंगळतो, म्हणून रिठ्याचे किंवा साबणाचे थोडे पाणी मिसळावे लागते. थेंब जितका वेळ ओला राहील तितका वेळ त्यातील द्रव्ये आत शिरतात. भर दुपारी तो क्षणात वाळतो, द्रव्ये पानावर घट्ट होऊन साचतात आणि कडा करपतात. आमच्या आप्पांचे नेमके हेच झाले असावे. याहून मोठी चूक वेगळीच होती. आम्ही फवारा मारला तो पाने पडल्यावर. तेव्हा दारे मिटलेली होती आणि जमिनीत ओल नव्हती. अशा झाडाला पाने हिरवी ठेवण्याचा निरोप देऊन ते पाणी आणणार कुठून? शेवग्याचा रस द्यायचा तो ताण येण्यापूर्वी, रोपे तजेलदार असताना आणि मग फुलोऱ्याच्या आधी. आपण मात्र तहान लागल्यावर विहीर खणायला निघालो होतो.

बारावीची परीक्षा संपल्यावर, म्हणजे २०२४ च्या उन्हाळ्यात, मी वांग्याच्या सहा सऱ्या निवडल्या. विहिरीचा पंप तेव्हा दिवसाला जेमतेम अर्धा तास चालत होता, म्हणून सहाही सऱ्यांना आठवड्यातून एकदाच पाणी. दोन सऱ्यांना काहीच केले नाही. दोन सऱ्यांना पंधरा दिवसांनी शेवग्याचा रस. पाचव्या सरीत उसाचे पाचट अंथरले. सहाव्या सरीत पाचटही अंथरले आणि रसही मारला. रोज पाने किती वाजता पडतात आणि संध्याकाळी किती वाजता सावरतात ते वहीत लिहिले. आई म्हणाली, “एवढ्या पाल्याची भाजी केली असती तर दोन दिवस जेवलो असतो.” तिचे म्हणणे खोटे नव्हते.

महिन्याभराने जे दिसले ते असे. नुसत्या सऱ्यांतली पाने अकराच्या सुमारास पडत. रसाच्या सऱ्यांतलीही जवळजवळ त्याच वेळी पडत, पण त्यांचा रंग हिरवा राहिला आणि संध्याकाळी ती लवकर उभी राहत. पाचटाच्या सऱ्या दुपारी दोनपर्यंत ताठ असत. फुले सर्वांत जास्त टिकली ती सहाव्या सरीत. मला फार आनंद झाला. पुढे महाविद्यालयात आल्यावर भूगोलाच्या सरांना ती वही दाखवली. त्यांनी सऱ्यांचा नकाशा काढायला लावला आणि विचारले, “ही सहावी सरी बांधाकडेची ना? बांधावर काय आहे?” बांधावर आंबा आहे. दुपारी तीननंतर त्याची सावली सहाव्या सरीवर येते. सरांनी पुढे विचारले, “आणि नुसत्या पाण्याचा फवारा दिलेली सरी कुठे आहे? फवाऱ्यात तीस भाग पाणीच आहे की.” मला उत्तर देता आले नाही. तेव्हा पाचटाचा गुण मी छातीठोकपणे सांगू शकते, शेवग्याचा मात्र ‘असावा’ एवढेच.

या निमित्ताने एका कोल्हापूरकराची आठवण होते. श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. शेतीची पदवी नसताना त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि द्राक्षबागाईतदारांपासून साध्या कुणब्यापर्यंत अनेकांना आपापल्या रानात मोजायला, लिहायला आणि एकमेकांना सांगायला शिकवले. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे पोट कसे भरेल याचा हिशेब ते मांडत. २००१ साली ते गेले. प्रयोगाच्या वहीत आंब्याची सावली लिहायची राहिली, हे त्यांनीही लगेच पकडले असते असे वाटते.

आता खर्चाचे. घरच्या पाल्याचा रस फुकट असतो असे सगळेच सांगतात. दहा गुंठ्यांना तीन-चार पंप लागतात, म्हणजे दीड-दोन लिटर रस. तेवढा पाला ओरबाडायचा, वाटायचा, पिळायचा यात आई आणि मी मिळून एक अख्खी दुपार गेली. मजुरीवर बाई लावली असती तर तिला पैसे द्यावे लागले असते. घरच्या बाईची दुपार हिशेबात शून्य धरली तरच हा रस फुकट ठरतो. हा मुद्दा मी वाचलेल्या एकाही पुस्तिकेत आढळला नाही.

बाटल्यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट घडली आहे. २०२१ पूर्वी अशा द्रव्यांना खत नियंत्रण आदेशात जागाच नव्हती. ती ना खत होती ना कीटकनाशक, त्यामुळे कुणीही काहीही भरून विकावे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने त्या आदेशात दुरुस्ती करून वनस्पतींचे आणि समुद्रशेवाळाचे अर्क धरून ‘जैव उत्तेजके’ असा नवा वर्ग केला, आणि नोंदणीसाठी चाचणीचे पुरावे मागितले. तेव्हा बाटली घेताना तिच्यावर घटक आणि त्यांचे प्रमाण छापले आहे की नाही हे निदान वाचून घ्यावे. आप्पांना वाचता येते, पण बारीक अक्षर दिसत नाही. हल्ली दुकानात मी बरोबर जाते.

उन्हाळी टंचाईत पिकावर केओलिन या पांढऱ्या मातीचे आठ टक्के पाणी फवारण्याचीही शिफारस केली जाते. त्याने ऊन परतवले जाते आणि बाष्पोत्सर्जन घटते. तो पाल्याचा उपाय नव्हे, म्हणून केवळ उल्लेख केला.

सरांच्या सांगण्यावरून २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा सऱ्या आखल्या. या वेळी आंब्यापासून दूर, आणि नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याची सरीही धरून. एप्रिलभर वही नीट चालली. मे महिन्यात मात्र मान्सूनपूर्व पावसाने असा काही जोर धरला, आणि मागोमाग मान्सूनही नेहमीपेक्षा इतका लवकर आला, की सऱ्यांत गुडघाभर चिखल झाला आणि ताण द्यायला कोरडी जमीनच उरली नाही. आप्पा म्हणाले, “तुझ्या प्रयोगानं पाऊस पडतोय बघ, दरसाल करत जा.”

जूनमध्ये बांधावर शेवग्याचे चार फाटे लावले. तीन जगले आहेत. त्यांतल्या एकाच्या पाल्यावर आईने आधीच हक्क सांगितला आहे.